टॅलोसच्या टाचेतलं बूच

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी आत्ताच मला 'जागतिक सिनेमाचे अभ्यासक' म्हटलं. आभारी आहे, पण विषय ऐकल्यावर ते विशेषण त्यांना परत घ्यावंसं वाटेल. आज ज्या सिनेमांबद्दल बोलायचंय, त्यांत दगडी खांब कोसळतात आणि कोसळल्यावर जरासे उसळतात. नायक हत्तीएवढी शिळा डोक्यावर उचलतो, तेव्हा त्याच्या दंडापेक्षा आपल्याच मनावर जास्त ताण येतो. ओठ एक बोलतात, कानावर दुसरंच पडतं. ग्रीक पुराणकथांवर पन्नास-साठच्या दशकांत बेताच्या पैशांत काढलेले हे सिनेमे. मला ते मनापासून आवडतात. का आवडतात, हे मात्र बरीच वर्षं नीट सांगता येत नव्हतं.

सुरुवात आमच्या गल्लीतून करतो. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गणपतीत रस्ता अडवून, दोन विजेच्या खांबांना पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढची सतरंजी संध्याकाळी सहालाच भरलेली असायची. उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला पडद्याची मागची बाजू. मागून चित्र चांगलं दिसतं, फक्त उलटं. अक्षरं उलटी, पण ती इंग्रजी अक्षरं सुलटी असती तरी आम्हाला कुठे वाचता येत होती! तिथे मी स्टीव्ह रीव्हजचा 'हर्क्युलस' पाहिला आणि हर्क्युलस डावखुरा होता असं कितीतरी वर्षं समजत राहिलो. पुढे कॉलेजात असताना तोच सिनेमा सरळ बाजूनं पाहायला मिळाला, तर पहिली दहा मिनिटं मला वाटत होतं की या लोकांनी काहीतरी चुकवलंय.

हे सांगितलं की लोक लगेच म्हणतात, मग झालं, लहानपणीची आठवण आहे, म्हणून आवडतात. दुसरा गट म्हणतो, हे सिनेमे इतके वाईट आहेत की हसून हसून मजा येते. दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत. आठवणीनं सिनेमा गोड वाटेल, पण चाळीस वर्षांनी पुन्हा पाहताना त्यात नवं काही दिसणार नाही. मला दिसतं. आणि हसण्याचं म्हणाल तर हसू येतंच, पण ते दहा मिनिटांत संपतं. त्यानंतरही आपण बसून का राहतो?

तर हा 'हर्क्युलस' मूळचा इटलीचा, १९५८चा. दिग्दर्शक पिएत्रो फ्रान्चिशी. गोष्ट अपोलोनियस या कवीच्या महाकाव्यातून घेतलेली. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हा कवी होऊन गेला. जेसन नावाचा राजपुत्र सोनेरी लोकर आणायला 'आर्गो' जहाजातून निघतो, त्या सफरीचं हे काव्य. त्यात हर्क्युलस अर्ध्या वाटेवर मागे राहतो. सिनेमानं त्यालाच उचलून मध्यभागी बसवलं आणि जेसनला कडेला केलं. कारण सरळ होतं. फ्रान्चिशीकडे राक्षस उभे करण्याइतके पैसे नव्हते, पण त्याला एक शरीर सापडलं होतं. असं सांगतात की त्याच्या मुलीनं 'अथीना' या अमेरिकन संगीतपटात रीव्हजला पाहिलं आणि बापाला सांगितलं. रीव्हज १९४७चा मिस्टर अमेरिका, १९५०चा मिस्टर युनिव्हर्स. अभिनयाच्या नावानं बोंब होती, आवाजही दुसऱ्याचा लावला. पण तो उन्हात नुसता उभा राहिला की प्रेक्षकाला वाटायचं, हा देवाचा मुलगा असू शकतो. शेवटी तो हाताला साखळ्या गुंडाळतो आणि राजवाड्याचे खांब ओढून पाडतो. साखळ्या लोखंडाच्या वाटत नाहीत. पाठीचे स्नायू मात्र शंभर टक्के खरे आहेत. खोट्या वस्तूला खरा माणूस एवढा जोर लावतोय, हे पाहण्यात एक विचित्र गंमत असते. ती खोटी वस्तू खरी असती तर आपण त्या पाठीकडे इतकं लक्ष दिलं नसतं.

जोसेफ लेव्हिन नावाच्या वितरकानं हा सिनेमा अमेरिकेसाठी सुमारे १ लाख २० हजार डॉलरला घेतला आणि जाहिरातीवर १० लाखांहून जास्त उडवले. म्हणजे घोडा स्वस्तात आणि वरात महाग. १९५९मध्ये जवळपास ६०० प्रती काढून त्यानं एकदम सगळीकडे लावला आणि बक्कळ पैसा केला. मग काय, इटलीत पूरच आला. सहा-सात वर्षांत असे शंभरावर सिनेमे निघाले. हर्क्युलस, उर्सूस, सॅमसन, आणि त्यांचा घरचा पहिलवान माचिस्ते. हा माचिस्ते १९१४च्या 'काबिरिया' या मूकपटातला, जिनोआच्या गोदीत काम करणाऱ्या बार्तोलोमिओ पागानोनं तो पहिल्यांदा उभा केला. अमेरिकेत पाठवताना या माचिस्तेचा कधी हर्क्युलस व्हायचा, कधी हर्क्युलसचा मुलगा. तिकडच्या लोकांना माचिस्ते कोण हे माहीत नव्हतं, म्हणून. फ्रेंच समीक्षकांनी या सगळ्या कुळाला 'पेप्लम' नाव दिलं. ग्रीक बायका नेसायच्या त्या वस्त्राला पेप्लॉस म्हणत, त्यावरून. म्हणजे आपण एखाद्या सिनेमाप्रकाराला 'पितांबरपट' म्हणावं, तसं. त्याची लाट मुंबईपर्यंत आली. १९६४मध्ये दारासिंगचे 'हर्क्युलस' आणि 'सॅमसन' हे दोन्ही हिंदी सिनेमे लागले होते. त्याच वर्षी तिकडे सर्जिओ लिओनीचा पहिला वेस्टर्न आला, आणि सगळं दुकान रातोरात काउबॉयच्या टोप्या विकायला लागलं. लिओनीनंही त्याआधी ऱ्होड्सच्या महाकाय पुतळ्यावर पेप्लमच केला होता.

या ढिगातले बरेच सिनेमे मीही पुढे ढकलत पाहिलेत, तेव्हा उगाच सगळ्यांची आरती नको. पण मारिओ बावाला सोडता येत नाही. 'हर्क्युलस'मध्ये तो छायालेखक होता. १९६१मध्ये त्यानं स्वतः एक हर्क्युलसपट केला, नायक पाताळात उतरतो असा. नायक लीड्सचा रेग पार्क, ज्याचे फोटो पाहून पुढे अर्नोल्ड श्वार्झेनेगर घडला. खलनायक क्रिस्टोफर ली. बावा सांगायचा की त्याच्याकडे दारंखिडक्यांची एक भिंत आणि सरकवता येणारे चार खांब एवढंच होतं. ते चार खांब तो इकडून तिकडे हलवायचा. बाकी जागा त्यानं उजेडानं भरली. तांबडा, निळा, हिरवा, जांभळा. एकाच चेहऱ्याच्या उजव्या गालावर एक रंग, डाव्यावर दुसरा. आणि धूर. हे पाताळ पाहताना तुम्हाला भिंत कुठे संपते ते कळत नाही, कारण भिंत तिथे नाहीच. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. दशावतारात एकच बाकडं असतं. राजा बसला की सिंहासन, दुसरं कुणी चढलं की डोंगर. त्याला कुणी कधी 'हे तर बाकडं आहे' म्हणून ओरडल्याचं मी ऐकलं नाही.

पण मला आज खरं बोलायचंय ते रे हॅरीहाऊजनबद्दल, आणि त्यातही १९६३च्या 'जेसन अँड द अर्गोनॉट्स'बद्दल. दिग्दर्शक म्हणून नाव डॉन चॅफीचं आहे. त्याला कमी लेखत नाही, पण हा सिनेमा हॅरीहाऊजनचा म्हणूनच ओळखला जातो. १९२० साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला हा माणूस. तेराव्या वर्षी त्यानं 'किंग काँग' पाहिला आणि मग जन्मभर दुसरं काही केलं नाही. बाहुल्या करायच्या आणि त्या हलवायच्या. आत धातूचा सांगाडा, सांध्यांना गोळी आणि वाटी, वर रबराची कातडी. सांगाडे बाप लेथवर कातून द्यायचा, कपडे आई शिवायची. बाहुली केसभर हलवायची, एक चौकट टिपायची, परत केसभर हलवायची. अशा २४ चौकटी झाल्या की पडद्यावरचं एक सेकंद. या युक्तीचं आपल्यालाही अप्रूप नाही. दादासाहेब फाळक्यांनी याच पद्धतीनं आगकाड्या नाचवल्या होत्या.

'जेसन'मधली सांगाड्यांची लढाई तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. एका बाजूला जेसन आणि त्याचे दोन साथीदार, दुसऱ्या बाजूला सात सांगाडे. प्रत्येक सांगाड्याचे दोन हात, दोन पाय, एक डोकं. सातापाचे पस्तीस. म्हणजे एक चौकट टिपायला किमान पस्तीस हालचाली, आणि त्यांतली प्रत्येक आधीच चित्रित झालेल्या तिघा नटांच्या तलवारींशी जुळायला हवी. काही दिवस फक्त तेरा चौकटी झाल्या. अर्धं सेकंद. त्या एका लढाईला साडेचार महिने लागले, आणि ते काम तो एकटा करत होता. सातांतला एक सांगाडा तर जुनाच, त्याच्याच १९५८च्या सिंदबादवाल्या सिनेमातला, पुन्हा कामाला लावलेला. नटांचे हाल वेगळेच. आधी खऱ्या माणसांबरोबर तालीम करायची, मग ती माणसं बाजूला व्हायची आणि त्याच जागी हवेत वार करायचे. वार हवेत घातला तर तलवार पुढे निसटते. ती नेमकी अडल्यासारखी थांबवायची. ज्यानं हे बसवून घेतलं तो फर्दिनांदो पोज्जी त्या तिघांतलाच एक. दुसरा अँड्र्यू फॉल्ड्स. हा पुढे ब्रिटिश संसदेत मजूर पक्षाचा खासदार झाला आणि तीस वर्षं तिथे होता. सांगाड्यांशी लढल्याचा तिथे किती उपयोग झाला, ते माहीत नाही.

आता मूळ काव्यात इथे सांगाडे नाहीत. ड्रॅगनचे दात जमिनीत पेरले की तिथून शस्त्रधारी योद्धे उगवतात, जिवंत, मांसाचे. हॅरीहाऊजननं त्यांचे सांगाडे केले. आणि इथे मला जे सांगायचंय ते येतं. बाहुलीची हालचाल कितीही सफाईनं केली तरी तिच्यात एक थरथर राहते. खऱ्या माणसाचं चित्र टिपताना हालचाल किंचित पुसट होते. बाहुली प्रत्येक चौकटीत गच्च थांबलेली असते, म्हणून ती सलग हलत नाही, ठिकऱ्याठिकऱ्यांनी हलते. या तंत्राचा तो अंगभूत दोष. याच सिनेमात सात डोक्यांचा हायड्रा आहे. कारागिरी म्हणून सुंदर, पण मला तो कधीच पूर्ण जिवंत वाटला नाही, कारण तो मांसाचा आहे आणि मांस असं हलत नाही. सांगाडा कसा हलतो, हे मात्र कुणी पाहिलंय? मेलेली गोष्ट उठून चालायला लागली तर ती अशीच चालेल, तटतट तुटत, हे आपलं मन लगेच कबूल करतं. दोष तोच, पण इथे तो त्या पात्राचा स्वभाव होऊन बसतो.

याच कारणानं या सिनेमातला माझा सगळ्यात लाडका टॅलोस. ब्राँझचा अवाढव्य पुतळा. हर्क्युलस आणि हायलस हा पोरगा त्याच्या चौथऱ्याच्या आत शिरतात, तिथे देवांचा खजिना असतो. हर्क्युलस एक लांबलचक पिन उचलतो. भाला म्हणून चालेल, म्हणतो. बाहेर आले, तर वरून करकर आवाज येतो आणि पुतळ्याची मान वळते. बस, फक्त मान. हॅरीहाऊजन सांगायचा की जन्मभर मी हालचाल गुळगुळीत व्हावी म्हणून धडपडलो, आणि टॅलोसच्या वेळी मुद्दाम ती अवघडलेली ठेवली. धातूला सांधे कुठे असतात? प्रत्येक पाऊल गंजल्यासारखं. आणि बर्नार्ड हर्मनचं संगीत ऐका. या माणसानं तीन वर्षं आधी 'सायको'ला फक्त तंतुवाद्यं वापरली होती. इथे, हार्प सोडली, तर एकही तंतुवाद्य नाही. सगळं पितळ, फुंकणी आणि ढोल. धातूच्या राक्षसाला धातूचा वाद्यमेळ.

अपोलोनियसच्या काव्यातही टॅलोस आहे, पण सफरीच्या अगदी शेवटी. क्रीट बेटाची राखण करणारा, दिवसातून तीनदा बेटाला फेरी घालणारा. त्याच्या घोट्यात एकच शीर, तिच्यावर पातळ कातडी. जेसनबरोबर आलेली जादूगार राजकन्या मेडिया जहाजावरूनच मंत्र टाकते, त्याचा घोटा खडकाला घासतो आणि त्याच्या अंगातलं दैवी रक्त वितळलेल्या शिशासारखं वाहून जातं. सिनेमात मेडिया तोवर आलेलीच नाही. म्हणून जेसन टाचेकडे धावतो आणि तिथलं बूच फिरवून काढतो. वाफ आणि लाल रस भसाभस बाहेर. आणि टॅलोस दोन्ही हातांनी गळा धरतो.

माझ्या भाचीला हा प्रसंग दाखवला, तेव्हा ती सहावीत होती. ती हसली नाही. तिनं विचारलं, "मामा, तो गळा का धरतोय? त्याला श्वास कुठे आहे?" मला उत्तर देता आलं नाही. किती बरोबर प्रश्न आहे बघा. पुतळ्याला फुप्फुसं नाहीत. पण त्या बाहुलीला हलवणाऱ्या माणसाला आहेत, आणि मरण कसं दाखवायचं असं मनाशी विचारल्यावर त्याचे स्वतःचे हात गळ्याकडे गेले असणार. मग अंगाला भेगा पडतात, तो उभाच्या उभा कोसळतो, हायलसवर. काव्यात हायलसला झऱ्यातली अप्सरा ओढून नेते आणि हर्क्युलस त्याला शोधत मागे राहतो. इथे तो टॅलोसच्या खाली गाडला जातो, आणि हर्क्युलस तरी मागेच राहतो. दोन प्रसंग एकात आटोपले. एक अप्सरा कमी, एक तळं कमी, खर्चही कमी. काटकसरीनं केलेला हा बदल मला मूळ कथेपेक्षा जास्त लागतो, कारण इथे पोरगा हर्क्युलसच्या हव्यासापायी मरतो.

याला पुराणाची मोडतोड म्हणणारे आहेत. पण ग्रीकांच्याच नाटककारांनी या कथा आपापल्या सोयीनं फिरवल्या. आपल्याकडेही कीर्तनकारानं आख्यानात गावचा पाटील घुसवला तर कुणी पोथी काढून दाखवत नाही. 'जेसन'मध्ये देवांचा राजा झ्यूस आणि त्याची राणी हेरा एका पटावर सोंगट्या हलवतात, माणसांच्या. हे पाहून मला वेरूळ आठवलं. तिथे शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. देव खेळतात आणि माणसांचं व्हायचं ते होतं, हे दाखवायला दोन टोकांच्या दोन कारागिरांना एकच वस्तू सुचावी! शेवटी झ्यूस डाव तिथेच थांबवतो, पुढचं पुन्हा कधीतरी. बरंच झालं. जेसन आणि मेडियाचं पुढे जे होतं, त्यात मेडिया आपलीच मुलं मारते. शनिवार दुपारच्या खेळाला ते झेपलं नसतं. जाता जाता, ही मेडिया झालेली नॅन्सी कोव्हॅक १९६९मध्ये आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांची पत्नी झाली. सिनेमात तिचाही आवाज दुसरीचाच आहे. मेहतांच्या कानांना ते कसं वाटलं असेल, हा प्रश्न मी स्वतःपुरता ठेवलाय.

सगळंच बाहुल्यांचं नाही. इटलीत दक्षिणेला पेस्तुम इथे ग्रीकांची अडीच हजार वर्षांची देवळं उभी आहेत. आंधळ्या फिनियसला छळणाऱ्या पंखवाल्या हार्पींचा प्रसंग तिथे घेतलाय. नट त्या खऱ्या खांबांवरून जाळं टाकतात. म्हणजे सुरुवातीला मी उसळणाऱ्या खांबांना हसलो, आणि इथे जगातला सगळ्यात महाग सेट या लोकांना आयता मिळाला. जवळच पालिनुरोला 'आर्गो' पाण्यात असताना वळणावरून एक भलतंच जहाज आलं. दुसऱ्या एका मालिकेसाठी बांधलेलं, ड्रेक नावाच्या इंग्रज दर्यावर्दीचं, सोळाव्या शतकातलं. निर्माता चार्ल्स श्नीअर ओरडला की ते बाजूला घ्या, तुम्ही चुकीच्या शतकात आलात!

फसलेलं काय, तेही सांगतो. दोन कडे एकमेकांवर आदळतात आणि समुद्रातून ट्रायटन हा समुद्रदेव वर येऊन ते धरून ठेवतो, तो प्रसंग. तिथे ट्रायटन खरा माणूस आहे आणि जहाज खेळण्याएवढं. सगळं ठीक, पण पाणी फितूर होतं. माणूस लहान-मोठा दाखवता येतो, पाण्याचा थेंब नाही. जहाजाच्या कठड्यावर शिडाएवढा थेंब पडतो आणि टबातलं पाणी टबातलंच राहतं. मी तो प्रसंग दरवेळी पुढे झुकून पाहतो, त्या थेंबासाठी.

हा सिनेमा आला तेव्हा फारसा चालला नाही. १९९२च्या ऑस्कर समारंभात हॅरीहाऊजनला खास पुरस्कार मिळाला, तेव्हा टॉम हँक्स म्हणाला की लोक 'कासाब्लांका' म्हणतात, 'सिटिझन केन' म्हणतात, माझ्या मते आजवरचा सर्वोत्तम सिनेमा 'जेसन'. सभागृह हसलं. तो गंभीर होता असं मला वाटतं, पण मी पडलो पक्षपाती.

बरं, घड्याळाकडे पाहून अध्यक्ष अस्वस्थ झालेत. टॅलोसचा प्रसंग दाखवतो. सुरुवातीच्या करकर आवाजासाठी स्पीकर थोडा मोठा ठेवा, आणि मान वळेपर्यंत कृपा करून कुणी उठू नका. संयोजकांकडून आज मी हट्टानं कापडी पडदा मागून घेतलाय. त्याच्यामागे भिंतीपर्यंत सात-आठ फूट जागा आहे. पोरांनो, तिकडे सतरंजी टाकलीय. जा. तिकडून जेसन डावखुरा दिसेल. दिवे बंद करा हो कुणीतरी.